जादूच्या खेळातील क्रियापद

पाचोरा तालुक्यातील एखाद्या शाळेच्या फळ्यावर ‘आज मधल्या सुट्टीनंतर जादूचे प्रयोग होतील’ अशी सूचना लागली की तिचा अर्थ पहिलीतल्या मुलालाही समजावून सांगावा लागत नाही. तथापि त्या सूचनेतील ‘प्रयोग’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मराठीत प्रयोग नाटकाचा होतो, प्रयोग विज्ञानाच्या तासाला होतो, व्याकरणात तो कर्तरी, कर्मणी आणि भावे असा तीन प्रकारचा असतो, आणि जादूचाही प्रयोगच होतो. जे घडते ते कोणीतरी ठरवून, शिकून, सराव करून घडवीत आहे, हे यांपैकी कोणत्याही ठिकाणी लपवलेले नसते. कसे घडवतो ते कदाचित कळत नाही. पण घडवणारा आहे, एवढे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

म्हणूनच जादूगाराच्या खेळाविषयी बोलताना मराठी माणूस ‘त्याने जादू केली’ असे सहसा म्हणत नाही. ‘जादू दाखवली’, ‘जादूचा खेळ केला’, ‘जादूचे प्रयोग केले’ असे म्हणतो. ‘जादू केली’ हे शब्द तोंडातून निघतात तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात एक तर निखळ कौतुक असते, नाही तर भीती असते. ‘दाखवणे’ आणि ‘करणे’ या दोन क्रियापदांतील हे अंतर कोणा पंडिताने आखून दिलेले नाही. ते बोलणाऱ्यांनीच पिढ्यान् पिढ्या राखले आहे, आणि अलीकडे वर्तमानपत्री व सरकारी मराठीने ते पुसत आणले आहे. वरवर ही बाब शुद्धलेखनाएवढीच किरकोळ वाटेल. परंतु तिची किंमत माणसांनी मोजलेली आहे, काहींनी पैशात आणि काहींनी प्राणांनी.

आधी शब्दांचे गोत्र पाहावे. ‘जादू’ हा फारसीतून आलेला शब्द. तो येण्यापूर्वी आपल्याकडे त्या अर्थाचे शब्द नव्हते असे नाही. ‘इंद्रजाल’ होते, ‘माया’ होती, ‘गारूड’ होते. गारूड म्हणजे मुळात गरुडाशी संबंधित, सापाचे विष उतरवण्याची विद्या. ती जाणणारा तो गारुडी. पुढे साप खेळवणारा, पेटाऱ्यातून वस्तू काढून दाखवणारा असा त्याचा अर्थ विस्तारला. आज समीक्षक एखाद्या कवीच्या शब्दांचे ‘गारूड’ रसिकांच्या मनावर आहे असे लिहितात आणि तो मोठा गौरव समजला जातो. प्रत्यक्ष गारुडी मात्र महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत एक नाव होऊन बसला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडण्यावर आणि खेळवण्यावर बंदी आली. सापांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या पेटाऱ्यावर पोट असणाऱ्याला दुसरा कोणता पेटारा मिळाला, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. तहसील कचेरीत जातीचा दाखला लिहिणाऱ्या कारकुनाखेरीज आज तो शब्द त्याच्या मूळ मालकासाठी वापरणारे लोक थोडेच उरले असतील.

‘नजरबंदी’ हाही फारसी वळणाचा शब्द. कैद्याला नजरेखाली ठेवणे हा त्याचा एक अर्थ, आणि पाहणाऱ्याच्या नजरेलाच कैद करणे हा दुसरा. हा दुसरा अर्थ जादूगाराच्या कामाचे नेमके वर्णन करतो. प्रेक्षक जिथे पाहतो तिथे काहीच घडत नसते, आणि जिथे घडते तिथे तो पाहत नसतो. पण या साऱ्यांत अस्सल मराठी थाटाचा शब्द म्हणजे ‘हातचलाखी’. त्यात दैवत नाही, मंत्र नाही, गूढ नाही. हात आहे आणि त्या हाताची चलाखी आहे. एका शब्दात संपूर्ण कबुली आहे. व्यासपीठावरचा प्रामाणिक जादूगार खेळाच्या सुरुवातीस किंवा शेवटी ‘ही सगळी हातचलाखी आहे, यात कोणतीही दैवी शक्ती नाही’ असे सांगतो, तेव्हा तो नम्रतेने आपल्या धंद्याचा दाखला प्रेक्षकांपुढे ठेवत असतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घराण्याने तीन पिढ्या मराठी प्रेक्षकांपुढे हा खेळ उभा केला, तोही करमणूक म्हणूनच.

ही कबुली सुटली तर काय होते याचा एक मासला लंडनचा आहे. ‘इंद्रजाल’ याच नावाने आपला खेळ करणारे बंगालचे पी. सी. सरकार यांनी एप्रिल १९५६मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर एका तरुणीला करवतीने मधोमध कापण्याचा प्रयोग केला. कापून झाले, तिला हाक मारली, ती उठेना. आणि नेमका त्याच क्षणी निवेदकाने वेळ संपल्याचे सांगून कार्यक्रम आटोपता घेतला. मुलगी ठार झाली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी बीबीसीच्या तारा तुंबल्या. मुलीला अर्थातच काही झाले नव्हते. खेळाचा शेवट तेवढा दाखवायचा राहिला होता. तेवढ्या अवधीपुरते ‘दाखवणे’ गळून पडले आणि ‘करणे’ उरले. सरकारांना त्यातून प्रसिद्धी मिळाली आणि ती त्यांनी योजूनच मिळवली असे मानणारेही पुष्कळ आहेत. तो हिशेब वेगळा.

आपल्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, हाच हिशेब भयंकर होतो. मराठीत जादूटोण्याला आणखी एक शब्द आहे, ‘करणी’. हा शब्द सरळ ‘करणे’ या धातूपासून आला. काय केले ते त्यात नाही, कसे केले ते नाही. ‘कोणीतरी काहीतरी केलंय’ हे वाक्य खानदेशातील गावोगावी आजही ऐकू येते. त्यात कर्ता अनिश्चित, कर्म अनिश्चित आणि केवळ क्रियापद निश्चित. म्हैस आटली, मूल तापाने फणफणले, पीक जळाले, की रिकाम्या ठेवलेल्या कर्त्याच्या जागी बसवायला गावातली एखादी एकटी, बहुधा विधवा, क्वचित थोडी जमीन नावावर असलेली बाई सापडते. तिला ‘डाकीण’ म्हणतात. धुळे जिल्ह्यातून १९९८मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या आदिवासी भागात या एका शब्दापायी स्त्रियांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, जीवही गेले आहेत. तिने काहीही ‘दाखवलेले’ नसते. तिने काही ‘केले’ असल्याचा पुरावाही कोणी मागत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नावर कायदा केला तो फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याचे नाव लांबलचक आहे. नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा असे सारे त्यात येते. लोकांनी त्याला ‘जादूटोणाविरोधी कायदा’ असे सुटसुटीत नाव दिले. त्याच्या अनुसूचीतील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवून तिला छळणे हा गुन्हा आहे. आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे, त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणे व धाक घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दिवंगत संतांच्या चमत्कारांचे वर्णन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा हात लावत नाही. तशी तरतूद त्यात स्पष्ट शब्दांत आहे, तरीही कायदा येण्यापूर्वी अनेक वर्षे त्याविषयी गैरसमज पसरवला गेला.

या कायद्याचे मर्म असे की त्याने युक्तीला गुन्हा ठरवलेले नाही. गुन्हा ठरवला आहे तो दाव्याला आणि त्या दाव्याच्या आडून घेतलेल्या पैशाला किंवा जिवाला. पात्याला जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवाव्या आणि त्याने लिंबू कापावे; लिंबाच्या आम्लाने रंग तांबडा होतो. हीच कृती शाळेत चमत्कारांमागील विज्ञान सांगणारा कार्यकर्ता करतो, हीच जादूगार करतो आणि हीच बाहेरची बाधा काढणारा बुवाही करतो. तिघांच्या हातांत काडीचा फरक नाही. फरक आहे तो तोंडातील क्रियापदात. पहिला म्हणतो, ‘मी असे केले.’ दुसरा म्हणतो, ‘पाहा, असे झाले,’ आणि हसतो. तिसरा म्हणतो, ‘तुमच्यावर कोणीतरी केले आहे,’ आणि हात पुढे करतो.

राजसत्तेला हा भेद पूर्वीपासून चांगला माहीत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील पाचव्या अधिकरणात रिकामा खजिना भरण्याचे उपाय सांगितले आहेत. त्यांत करांबरोबर काही अद्भुत प्रकारही आहेत. भुयार असलेल्या विहिरीत अनेक फण्यांचा नाग प्रकट करावा आणि दर्शनाचे पैसे घ्यावे. झाडावर राक्षसाची भीती दाखवावी आणि ती निवारण्यासाठी वर्गणी जमवावी. जे विश्वास ठेवणार नाहीत त्यांच्या पाण्यात विष मिसळून तो देवतेचा शाप आहे असे पसरवावे. हा ग्रंथकार स्वतः यात कशावरही विश्वास ठेवत नाही, हे प्रत्येक ओळीत दिसते. नाग कसा आणायचा आणि शाप कसा घडवायचा ते तो आपल्या अधिकाऱ्यांना हातचलाखी म्हणूनच शिकवतो. प्रजेने मात्र तो चमत्कार म्हणून पाहायचा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या ग्रंथाचा अभिमान वाटतो तो वाटावा, परंतु हे प्रकरण वगळून त्याची पारायणे करू नयेत.

आधुनिक राज्याने उलट चूक केली. ज्याने कधी दैवी दावा केला नाही अशा रस्त्यावरच्या खेळवाल्याला त्याने भिकारी ठरवले. मुंबई राज्यात १९५९ साली झालेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकणे अशा मिषाने पैसे मागणेही ‘भिक्षा मागणे’ यातच धरले आहे. आणि त्यासाठी माणसाला किमान एक वर्ष संस्थेत डांबण्याची सोय केली आहे. तिकीट लावून नाट्यगृहात तेच पत्ते पिसणारा कलावंत १९२३च्या करमणूक शुल्काच्या कायद्याखाली येई, म्हणजे सरकारदरबारी त्याचा खेळ ही करमणूक होती. पाचोऱ्याच्या आठवडे बाजारात चादर अंथरून बसलेल्या मदाऱ्याचा खेळ हे मात्र मिष. अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले तर दोघांत ग्राहकाला अधिक सोयीचा व्यवहार मदाऱ्याचा आहे. तो आधी माल दाखवतो आणि मग पैसे मागतो; आवडले नाही तर गिऱ्हाईक चार पावले मागे सरकते आणि व्यवहार तिथेच संपतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली, दिल्लीपुरत्या, या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. ‘मिषाने’ हा शब्द मात्र कोणाच्या कामाला लावायचा आणि कोणाच्या नाही, ही चर्चा आपल्याकडे झालेली नाही.

ती चर्चा होण्याची खरी जागा रस्ता नव्हे, पेढी आहे. रस्त्यावरचा खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाच्या खिशातून फार तर दहा रुपये जातात. कापूस विकून हातात चार पैसे आलेला शेतकरी, निवृत्तीची रक्कम मिळालेला शिक्षक, मुलीच्या लग्नासाठी पुंजी साठवणारा कारकून यांच्यापुढे जो खेळ मांडला जातो त्याचे नाव ‘दामदुप्पट’. हा शब्दच एका मोठ्या हातचलाखीचा बळी आहे. दामदुप्पट हा जुन्या हिंदू धर्मशास्त्रातील ऋणकोच्या संरक्षणाचा नियम. सावकाराने एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा त्याचा आशय. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत. म्हणजे दुप्पट ही कमाल मर्यादा होती, कर्जदाराच्या पाठीशी उभी असलेली. आज ठेवींच्या जाहिरातीत तेच दुप्पट हे आमिष झाले आहे. कुंपण होते त्याचे गाजर झाले, आणि शब्द तोच राहिल्याने बदल कोणाच्या ध्यानात आला नाही.

या दुप्पट होण्यात गूढ असे काही नाही, आणि शाळेत शिकवता येण्याजोगे गणित आहे. बहात्तर या संख्येला चक्रवाढ व्याजाच्या दराने भागावे. रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. दर ८ टक्के असेल तर नऊ वर्षे, १२ टक्के असेल तर सहा. कोणी पाच वर्षांत दुप्पट म्हणाला तर तो साडेचौदा टक्क्यांच्या आसपास व्याज देणार आहे, म्हणजे त्याहून बऱ्याच चढ्या दराने तो पैसा कोणाला तरी कर्जाऊ द्यावा लागणार आहे आणि तो कर्जदार तो फेडणारही असला पाहिजे. असा कर्जदार तालुक्यात कोण आहे, एवढाच प्रश्न ठेवीदाराने विचारायचा असतो. तो विचारला गेला नाही. २००० नंतरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि हजारो ठेवीदारांच्या रकमा अडकल्या. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून होता, बक्षिसी चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ पासून होता. कायद्यांची टंचाई नव्हती.

मग त्या काळात लोक काय बोलत होते? ‘पतसंस्था बुडाली’, ‘पैसे बुडाले’. हे शब्द आजही तसेच बोलले जातात. बुडणे हे अकर्मक क्रियापद आहे. नाव बुडते, सूर्य बुडतो, पाण्यात गाव बुडते. त्यात कोणाचा हात नसतो. जादूगार नाणे मुठीत घेतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, ‘नाणे गायब झाले.’ त्यानेही अकर्मक क्रियापदच वापरले आहे, पण तो खेळ आहे हे समोरच्याला ठाऊक आहे. आणि पुढच्याच क्षणी तो तेच नाणे एखाद्या मुलाच्या कानामागून काढून देतो. इथे नाणे परत आले नाही, आणि तरीही भाषा जादूगाराचीच राहिली. नाणे ज्या हाताने लपवले तो हात वाक्यातूनही नाहीसा झाला.

विचित्र विरोधाभास असा की याच समाजाला म्हैस आटली तर कर्ता हवा असतो. तिथे नसलेला कर्ता शोधून काढून त्याला झोडपले जाते, आणि जिथे कर्जमंजुरीच्या ठरावावर सह्या करणारे, तारण न पाहता रक्कम देणारे, नातेवाइकांच्या नावे खाती उघडणारे कर्ते कागदावर असतात, तिथे ‘बुडाले’ म्हणून नशिबाला बोल लावला जातो. दोन्ही ठिकाणी फसगत एकच आहे. मात्र पहिल्या ठिकाणी मरते ती गावातली सर्वांत दुबळी बाई, आणि दुसऱ्या ठिकाणी सुटतो तो गावातला वजनदार माणूस.

वर्तमानपत्रांनी यात आपली भर घातली आहे. अर्थसंकल्पात तूट लपवली की ‘आकड्यांची हातचलाखी’, ताळेबंदात नफा फुगवला की ‘हिशेबाची जादू’, बहुमत मिळाले की ‘जादुई आकडा’. वस्तुतः तूट लपवणे ही लपवाछपवी आहे, खोटा नफा ही लबाडी आहे, दुसऱ्याचा पैसा वळवणे हा अपहार आहे. अपहार, अफरातफर, ठकबाजी, फसवणूक असे एकाहून एक रोखठोक शब्द भाषेत असताना आपण सभ्यपणा म्हणून एका प्रामाणिक कसबाचे नाव उसने घेतो. त्यात बदनामी होते ती कसबी माणसाची, आणि लबाडाच्या पदरात थोडे कौतुक पडते. कारण हातचलाखी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत ‘काय हुशार आहे’ असे येतेच. बातमी लिहिणाऱ्याला शब्दांची ही उसनवारी सोयीची असेल, कारण अपहार म्हटले की पुरावा द्यावा लागतो. पण ज्याची पुंजी गेली त्याला ती परवडणारी नाही.

सहकार कायद्याला मात्र अकर्मक वाक्य चालत नाही. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ८३व्या कलमाखाली संस्थेच्या कारभाराची चौकशी होते आणि ८८व्या कलमाखाली नुकसानीची जबाबदारी निश्चित केली जाते. ती व्यक्तीवर निश्चित करावी लागते: कोणी पैसा वळवला, कोणी ठेवून घेतला, कोणाच्या कसुरीमुळे तोटा झाला आणि किती. पाचोरा असो, जामनेर असो की चाळीसगाव, सहायक निबंधकाच्या कार्यालयात आपली अडकलेली ठेव मागायला जाणाऱ्या माणसाचा अर्ज पुष्कळदा शेजारचा एखादा शिक्षक, कारकून किंवा महाविद्यालयात शिकणारा मुलगाच लिहून देतो. त्या अर्जाचे पहिले वाक्य ‘माझी रक्कम बुडाली आहे’ असे न लिहिता, पावतीचा क्रमांक व तारीख घालून, अमुक संस्थेच्या अमुक संचालक मंडळाने ती मुदत संपूनही परत केलेली नाही, असे लिहावे. कर्ता आरंभी, कर्म त्यामागून, आणि क्रियापद सकर्मक.